रक्तदाबाला मागची पुण्याई चालत नाही

गेल्या महिन्यात आमच्या साताऱ्यात एका ज्येष्ठ नागरिक संघात मधुमेहावर व्याख्यान झाले. सभागृह भरलेले होते, वक्ते अनुभवी होते आणि साखरेबद्दल त्यांनी जे सांगितले त्यातले बहुतेक बरोबर होते. शेवटी दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "मला दहा वर्षं शुगर आहे. बीपी एकशे साठच्या आसपास असतं. त्याचं काय करायचं?" वक्त्यांनी वय विचारले. बासष्ट. "मग झालं की! शंभर अधिक वय. तुमचं बीपी वयाला साजेसं आहे. तुम्ही शुगर सांभाळा, बीपी आपोआप उतरतं. हे एकशे तीसचे आकडे कंपन्यांनी खाली आणलेत. आणि एकदा गोळी लागली की सुटत नाही, शेवटी किडनीवर जाते." टाळ्या वाजल्या. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला माझ्या जागेवरून दिसला.

मी तेव्हाच उठायला हवे होते. पण ही वाक्ये मी आमच्या घरात वर्षानुवर्षे ऐकली होती, आणि ती पुन्हा कानावर पडल्यावर माझा घसाच दाटला. त्या दिवशी बोलायचे राहिले ते आता लिहिते.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. मधुमेह कळला तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. त्या दिवसापासून त्यांनी शंभर पानी वहीत साखरेचा हिशेब ठेवला. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, तीन महिन्यांची सरासरी, असे चार रकाने फूटपट्टीने आखलेले. गोड सोडले, भात एका वाटीवर आणला, रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून यायचे. सरासरी सातच्या वर गेली तर आठवडाभर बेचैन असायचे. बीपी १५५ असायचे, कधी १६५. तेही कुणी मोजले तरच कळायचे, कारण वहीत त्याला रकानाच नव्हता. "या वयात एवढं असायचंच," असे भेटेल तो सांगायचा आणि आम्हांलाही ते ऐकायला बरे वाटायचे. ६७व्या वर्षी एका सकाळी त्यांच्या हातातून चहाची बशी सुटली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ३४ वर्षे मुलांना बाराखडी शिकवलेला हा माणूस त्यानंतर चार वर्षे जगला, आणि त्या चार वर्षांत 'पाणी' हा शब्दसुद्धा त्यांना नीट उच्चारता आला नाही. झटक्याच्या आदल्या दिवसाची साखर वहीत आहे. उपाशीपोटी १०८.

मी डॉक्टर नाही. त्यांच्या उशाशी बसून जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून पडताळले, त्याच्याच आधारावर हे लिहिते आहे.

'शुगर सांभाळा, बीपी आपोआप उतरतं' हे त्या व्याख्यानातले सगळ्यात गोड आणि म्हणूनच सगळ्यात घातक वाक्य. त्यात सत्याचा अंश आहे तो असा, की वजन उतरले तर साखर आणि रक्तदाब दोन्ही उतरतात. पण नुसती साखर गोळ्यांनी ताब्यात आली म्हणून रक्तदाब तिच्या मागोमाग येत नाही. टाइप टू मधुमेहात इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, रक्तात इन्सुलिन जास्त राहते आणि मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागतात. रक्तवाहिन्या कडक होत जातात. पुढे मूत्रपिंडाला इजा झाली की रक्तदाब आणखी चढतो, आणि चढलेला रक्तदाब मूत्रपिंडाला आणखी इजा करतो. हे चक्र एकदा फिरू लागले की साखरेचा चांगला आकडा त्याला थांबवू शकत नाही. साखर रक्तवाहिनीचे आतले अस्तर खराब करते आणि रक्तदाब त्याच अस्तरावर दिवसाकाठी लाखभर ठोके देतो. हे दोन वेगळे आजार एका माणसाला झाले असे समजण्यातच चूक आहे. मार त्याच एका नळीवर पडतो आहे, दोन बाजूंनी.

याचा पुरावा जुना आहे. ब्रिटनमध्ये 'यूकेपीडीएस' नावाने मधुमेहाचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षे चालला. त्याच्या रक्तदाबाच्या भागात टाइप टू मधुमेह आणि उच्च रक्तदाब असे दोन्ही असलेले ११४८ रुग्ण होते. एका गटात रक्तदाब १५०/८५च्या खाली ठेवायचा, दुसऱ्या गटात १८०/१०५च्या खाली असला तरी चालेल, असे ठरले. आज हे दोन्ही आकडे ढिले वाटतील. सरासरी आठ वर्षांहून अधिक काळ या लोकांकडे लक्ष ठेवले गेले. प्रत्यक्षात पहिल्या गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ राहिला, दुसऱ्याचा १५४/८७. म्हणजे वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा. १९९८ साली निकाल छापून आले तेव्हा या दहाच्या फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला होता, मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी, आणि डोळ्याच्या पडद्याचा बिघाड वाढत जाण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी. त्याच अभ्यासात साखर कडक ठेवल्याचा फायदाही दिसला, डोळे आणि मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी घटले. पण पक्षाघात मात्र साखर कडक ठेवून कमी झाला नाही.

हे वाचले त्या रात्री मी ती वही कपाटातून काढली आणि बराच वेळ तशीच मांडीवर घेऊन बसले.

आता 'शंभर अधिक वय'. हे सूत्र खेडोपाडी, शहरात, शिकल्यासवरल्या घरांतही आहे. ते आले कुठून हे दिसते आहे. आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांचे बीपी मोजले तर ते साधारण असेच निघायचे. पण पुष्कळांना असते म्हणून ते निरोगी ठरत नाही. वय झाल्यावर पुष्कळांना मोतीबिंदू होतो. आपण तो वयाला साजेसा म्हणून ठेवून देत नाही, काढून घेतो. शिवाय वयाबरोबर रक्तदाब चढलाच पाहिजे असा निसर्गाचा नियमही नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या अभ्यासात जगभरातल्या ५२ ठिकाणच्या लोकांचे रक्तदाब आणि लघवीतले मीठ मोजले होते. ब्राझीलच्या जंगलात राहणाऱ्या, जवळपास मीठच न खाणाऱ्या यानोमामी लोकांचा रक्तदाब म्हातारपणीही तरुणपणाइतकाच होता. म्हणजे वयाने चढणारा रक्तदाब म्हणजे पुष्कळ अंशी आपल्या राहणीचा साठत गेलेला हिशेब आहे. आणि मधुमेही माणसाच्या बाबतीत तर हे सूत्र दुप्पट चुकीचे आहे, कारण त्याच्या रक्तवाहिन्या त्याच्या जन्मतारखेपेक्षा म्हाताऱ्या असतात.

किडनीच्या भीतीवर मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. ही भीती खरी आहे. डायलिसिसला बसलेल्या माणसाला ज्याने पाहिले आहे त्याला तिची चेष्टा करवणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा सुई, येण्याजाण्यात दिवस, पाणीसुद्धा मोजून प्यायचे. अशा प्रत्येकाच्या पिशवीत बीपीच्या तीन-चार गोळ्या असतात. शेजारी ते पाहतात आणि म्हणतात, बघा, इतक्या गोळ्या खाल्ल्या आणि किडनी गेली. खरा क्रम बहुतेकांत उलटा असतो. मधुमेह आणि मोकाट बीपी यांनी किडनी खाल्ली, आणि किडनी जाऊ लागल्यावर बीपी इतके चढले की एका गोळीचे काम चार गोळ्या करू लागल्या.

आत काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आत आणणारी एक बारीक नळी आणि बाहेर नेणारी एक. मधुमेहात आतली नळी सैल पडते, बाहेरची आवळलेली राहते, आणि गाळणीत दाब साठतो. त्या दाबाने गाळणीची भोके मोठी होतात आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून जाऊ लागते. या वेळी माणसाला काहीच जाणवत नाही. अंगावर सूज नसते, किडनीचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही नॉर्मल असते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांच्या जातीच्या आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन यांच्या जातीच्या गोळ्या नेमकी ती बाहेरची नळी सैल करतात. नुसते दंडातले बीपी उतरत नाही, गाळणीतला दाबही उतरतो. २००१ साली लोसार्टनचा 'रेनाल' नावाचा अभ्यास आला. टाइप टू मधुमेहाने मूत्रपिंडे आधीच बिघडलेली १५१३ माणसे त्यात होती. ज्यांना लोसार्टन मिळाले त्यांच्यात किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. ज्या गोळीने किडनी जाते असे व्यासपीठावरून सांगितले गेले, तीच गोळी किडनी जाऊ नये म्हणून दिली जाते. इतके सरळ आहे हे.

मग भीती वाढते कुठे? गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. गाळणीतला जास्तीचा दाब उतरल्याची ती खूण असते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा स्वीकारतात, त्याहून जास्त झाली तर कारण शोधतात. पोटॅशियमही पाहावे लागते. पण रिपोर्ट हातात पडतो, आकडा जाड अक्षरात छापलेला असतो, आणि घरातले कुणीतरी त्याच संध्याकाळी गोळी बंद करते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल तेव्हा या गोळ्या दोन दिवस थांबवाव्या लागू शकतात, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. गरोदरपणात तर त्या चालतच नाहीत. म्हणजे गोळीला जपून वापरायचे आहे, टाळायचे नाही.

किडनीची एवढी काळजी असणाऱ्या आपल्या घरांत दुसरी एक गोळी मात्र कुणाला न विचारता खाल्ली जाते. गुडघे दुखले, कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. या गोळ्या रक्तदाब चढवतात, मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करतात, आणि बीपीची व लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाला फार लवकर संकटात टाकतात. आमच्या घरातही त्यांची पट्टी फ्रिजवरच्या डब्यात कायम असायची. तिच्याविरुद्ध कुठल्या व्याख्यानात कुणी बोललेले मी ऐकलेले नाही.

व्याख्यानाच्या ओघात 'नैसर्गिक ते घ्या, रसायन नको' असेही आले. या मुद्द्यावर आपल्याच मुंबईचा इतिहास बोलका आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएम रुग्णालयात सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर काय परिणाम होतो ते रुग्णांमध्ये मोजून पाहिले आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. जगाने दखल घेतली, १९५२ साली त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मुळीचा हा मोठा सन्मान आहे. पण मोजल्यामुळेच हेही कळले की जास्त मात्रेत ती मुळी माणसाला खोल उदासीत ढकलू शकते, आणि अधिक सोसवणारी औषधे आल्यावर ती मागे पडली. मुळीतून आले की गोळीतून, हा प्रश्न वकिलांनी कधी विचारला नाही. बीपी किती उतरले आणि रुग्णाला काय झाले, हे विचारले. उलट बाजूचे उदाहरण घरातलेच घ्या. खोकल्याच्या काढ्यातले ज्येष्ठमध शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि ते रोज बरेच दिवस घेतले तर मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, पोटॅशियम घटते, बीपी चढते. सैंधवाचेही तसेच. रंग गुलाबी असला तरी ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे. कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. किडनी बिघडलेल्याने किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढेच मीठ सगळे धरून खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण, पाव यांतले मीठ त्या चमच्यातच मोजायचे आहे.

कंपन्यांच्या मुद्द्याला मी टाळणार नाही. औषध कंपन्यांनी डॉक्टरांवर आणि आकड्यांवर वजन टाकल्याची उदाहरणे जगात आहेत आणि शंका घेणे नागरिकाचे काम आहे. पण शंका घ्यायची तर शेवटपर्यंत जायला हवे. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांचे पेटंट केव्हाच संपले. दोन्ही २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत, त्यांच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. २०१७च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सुरुवातीला निवडलेल्या जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आमचा साताराही होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजून कार्ड देतात आणि गोळी फुकट देतात. फुकट गोळीत कुणाची तिजोरी भरते?

आकडा किती खाली आणायचा, यावर मात्र तज्ज्ञांत खरोखर वाद झाला आहे आणि तो सांगणे माझे कर्तव्य आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'अ‍ॅकॉर्ड' अभ्यासात ४७३३ मधुमेहींपैकी निम्म्यांचा वरचा आकडा १२०च्या खाली नेला. पक्षाघात कमी झाले, पण हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयाने होणारे मृत्यू एकत्र धरले तर म्हणावा तसा फरक पडला नाही, आणि औषधांचे गंभीर दुष्परिणाम वाढले. २०२४ साली चीनमधल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींच्या अभ्यासात याच आकड्याने फायदा दिसला, मोठे हृदय-रक्तवाहिनीचे प्रसंग सुमारे पाचव्या हिश्शाने घटले. चक्कर आणणारे कमी बीपी आणि वाढलेले पोटॅशियमही जास्त दिसले. म्हणून आज बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८०च्या खाली हे उद्दिष्ट धरतात, आणि १२०चा निर्णय माणूस पाहून करतात. ऐंशीची थकलेली आजी, सारखी तोल जाणारी, तिला आकड्यासाठी खेचू नये. मधुमेहाने नसा बिघडल्या असतील तर उठून उभे राहिल्यावर बीपी एकदम वीस अंकांनी पडू शकते, म्हणून बसून मोजल्यावर उभे करूनही मोजायला सांगावे. हे सावधपणाचे बोलणे वक्त्यांनी केले असते तर मी त्यांचे आभार मानले असते. पण हा सगळा वाद १२० आणि १४०च्या मधला आहे. १६० चालेल असे या वादातली कुठलीच बाजू म्हणत नाही.

राहिली ती 'गोळीची सवय'. यूकेपीडीएस संपल्यावर दहा वर्षे त्याच रुग्णांची माहिती ठेवली गेली. अभ्यासाचे बंधन सुटल्यावर दोन वर्षांतच दोन्ही गटांचा रक्तदाब सारखा झाला. साखरेच्या गटांतलाही फरक पुसला गेला, पण तिथे एक आश्चर्य दिसले. ज्यांनी सुरुवातीची वर्षे साखर जपली होती त्यांना त्याचे फळ पुढेही मिळत राहिले. रक्तदाबाच्या गटात असे काही झाले नाही. बीपी ताब्यात होते तोवरचे संरक्षण खरे होते, आणि बीपी सुटल्यावर ते संरक्षणही सुटले. साखरेला मागची पुण्याई पुरते, रक्तदाबाला पुरत नाही. गोळी सुटत नाही याचे कारण एवढेच आहे. तिची नशा चढत नाही, ती वाढवत न्यावी लागेलच असेही नाही. वजन उतरले, मीठ घटले तर डॉक्टर ती कमीही करतात. चष्मा लागला म्हणून डोळ्यांना चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणतो का? खोकला येतो, पाय सुजतात, अशा तक्रारी असतील तर गोळी बदलून मिळते. एनालाप्रिलच्या जातीने खोकला येतो, टेल्मिसार्टनच्या जातीने सहसा येत नाही. तक्रार सांगायची आणि बदलून घ्यायची, परस्पर बंद करायची नाही. त्या ब्रिटिश अभ्यासातही कडक गटातल्या २९ टक्के लोकांना नऊ वर्षांनी तीन किंवा अधिक गोळ्या लागत होत्या. दुसरी गोळी लागली म्हणजे आपण हरलो, असे माझ्या शेजारपाजारचे लोक मानतात. तसे ते नाही.

दुसऱ्या रांगेतल्या ताई, तुमचे नाव मला माहीत नाही. तुम्ही सोमवारी जवळच्या आरोग्य केंद्रात जा. जाण्याआधी अर्धा तास चहा नको, मशेरी नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसा, हात छातीच्या पातळीला ठेवा, आणि मग पट्टा बांधू द्या. दोनदा मोजायला सांगा, नंतर उभ्याने एकदा. सकाळच्या लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण कधी तपासले आहे का, ते विचारा. दहा वर्षांच्या मधुमेहात ते दरवर्षी व्हायला हवे होते. डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून पाहून घ्या. आणि घरी साखरेची वही असेल, असणारच, तर तिच्यात आजच एक रेघ ओढून पाचवा रकाना करा.